घोट्याची धुळाक्षरं

मचाणावरून पडलो असतो
तर सांगायला तरी बरं होतं.
चाळीस वर्षं मचाणावर काढली, खरचटलं नाही कधी,
आणि घोटा मोडला ग्युमरीच्या बाजारात,
फुटपाथच्या वीतभर कडेवरून उतरताना,
काखेत लोणच्याची बरणी.
बरणी शाबूत राहिली.

सहा आठवड्यांनी प्लास्टर कापलं
तेव्हा आतून परक्याच कुणाचा पाय निघाला,
पांढुरका, सालं सुटलेला, शेजारच्यापेक्षा बारीक.
म्हटलं, ऊठ. तो ऐकेना.

वार्सेनिक, माझ्या धाकटीच्या वयाची पोर,
टेबलावर प्लास्टिकची हाडं मांडून बसली.
"हे बघ, गुकास जान,
हे नडगीचं हाड, हे बाजूचं बारीक. तुझं मोडलं ते.
दोघांची मिळून खोबण होते,
आणि खोबणीत हे. पुढून रुंद, मागून निमुळतं."
"पाचर," मी म्हटलं.
आयुष्यभर दगड पाचरीनेच तर फोडले.
ती हसली. "पाचरच.
पाऊल वर ओढलं की गच्च बसते,
बोटं खाली गेली की ढिली पडते.
म्हणून चढताना सहसा नाही, उतरताना पाय मुरगळतो."

मग तिने ते हाड माझ्या तळहातावर ठेवलं.
"याला एकही स्नायू चिकटलेला नसतो.
सगळ्यांच्या दोऱ्या याला वळसा घालून पुढे जातात.
अख्खा माणूस याच्यावर उभा,
पण थेट याला ओढणारं कुणी नाही.
शेजारचे हलले की हे हलतं."
मला आमचा थोरला भाऊ आठवला.
पण ते तिला कशाला सांगा.

व्यायाम काय, तर अक्षरं.
पायाच्या अंगठ्याने हवेत अक्षरं काढायची,
आपली अडतीसच्या अडतीस, दिवसातून तीनदा.
मला!
मी काळ्या दगडात मेलेल्यांची नावं कोरतो,
माझं अक्षर ओळखतात या गावात,
निदान स्मशानात तरी.

संध्याकाळी पाय स्टुलावर ठेवून बसलो.
आयब. आधी खाली, मग वाटीसारखं वळण,
पुन्हा वर, आणि शेवटी इवलंसं शेपूट.
खाली गेला. वळणावर अडकला.
उभी रेघ वरच्या सांध्याची,
आडवं झुकणं त्याच्या खालच्या, टाचेच्या हाडावरच्या सांध्याचं,
आणि वळण काढायचं तर दोघांनी एका वेळी बोलायला हवं.
सहा आठवडे अबोला होता त्यांचा.

नाझेली बटाटे सोलत होती.
"हे काय, कुत्रं?"
"आयब."
"बरं."

बाहेरच्या बाजूच्या तीन दोऱ्या पाऊल आत वळलं की ओरडायच्या,
आतली पंख्यासारखी रुंद पट्टी मात्र मुकाट.
पोटरीत मुंग्या. टाचेमागची जाड शीर
दोर ओला होऊन आखडावा तशी.
बेन. गिम. गिमच्या पोटात अंगठा थरथरला
आणि मला एकदम दिसली
बापाच्या मुठीत माझी मूठ, आणि माझ्या मुठीत छिन्नी,
आणि त्याचा तंबाखूचा वास मानेवर.
तेव्हाही गिम असंच वाकडं आलं होतं.
दगड फेकला नव्हता त्याने. उंबऱ्याखाली पालथा बसवला.
अजून तिथेच आहे. रोज त्याच्यावरून जातो.

अंगणात एक शिळा अर्धी राहिली आहे.
कुणाच्या तरी आईचं नाव, चार अक्षरं झालेली, तीन बाकी.
पोरगा दोनदा येऊन गेला, काही बोलला नाही,
माझ्या पायाकडे पाहून गेला.
रात्री झोप येईना तेव्हा ती तीन अक्षरं
पांघरुणाखाली पायाने काढली.
पुन्हा काढली.
पांघरूण सरकलं, नाझेली कुशीवर वळली.

चौथ्या आठवड्यात, रविवारी,
ती कणीक मळता मळता थांबली. पाठमोरीच होती,
खिडकीच्या काचेत माझा पाय दिसत असणार तिला.
"दा?" म्हणाली.
"दा," म्हटलं.

मग ती बरणी काढली फडताळातून.
झाकण घट्ट बसलं होतं. दोघांनी मिळून उघडलं,
मी उभा राहून.